आधी झोपायचं कुठं ते सांगा

दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर आली की या सदराच्या पोस्टात फटाक्याआधी तंबू निघतात. गडकोट झाले, आता हिमालयात, देवदाराच्या जंगलात चार रात्री काढायच्यात, असं लिहिणारे यंदा जरा जास्तच आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली, सगळ्यांनी चालायचं किती ते लिहिलंय, बूट कुठले ते लिहिलंय, फोटो कुठं काढायचे तेसुद्धा लिहिलंय, पण रात्री झोपणार किती उंचीवर हे एकानंही लिहिलेलं नाही. त्यामुळं यावेळी मी जवळजवळ प्रत्येकाला तेच विचारत सुटलोय, कंटाळू नका.

दादा, आम्ही पाचजण, सगळे तिशीच्या आतले. दर जुलैत पन्हाळा-पावनखिंड करतो. दिवाळीनंतर उत्तराखंडातल्या हर की दूनच्या खोऱ्यात जायचंय, तंबू आमचे आम्ही नेणार. प्लॅन असा की डेहराडूनहून गाडीनं सांकरी, दुसऱ्या दिवशी पहाटे जीपनं तालुका नावाच्या गावी, तिथनं एका दमात हर की दून, आणि वर दोन रात्री मुक्काम. फिटनेस एक नंबर आहे. काही राहिलंय का?
— पाच मित्र, मंगळवार पेठ

राहिलंय भावांनो, आणि जे राहिलंय तेच मेन आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. आपला अख्ख्या महाराष्ट्राचा बाप कळसूबाई, तो १६४६ मीटर. आणि सांकरी, म्हणजे जिथं तुमची गाडी थांबणार आणि तुम्ही चहा मागवणार, ते गावच कळसूबाईपेक्षा उंच आहे. अजून एक पाऊल टाकलेलं नाही तोवरच तुम्ही आयुष्यातल्या सगळ्या ट्रेकच्या वर पोचलेले असणार. हर की दून ३५६६ मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडा कमीच भरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी, आणि ते भरून काढायला शरीराला दिवस लागतात, जिद्द लागत नाही.

आणि इथंच फिटनेसवाले फसतात. आमच्या ग्रुपमध्ये एक तालमीतला गडी होता, सकाळी हजार जोर मारणारा, तो सगळ्यांच्या पुढं चढला, वर पोचून एक झोप काढली आणि संध्याकाळी उठला तो डोकं धरूनच. जेवण समोर आलं तर वासानंच बाहेर पळाला. आणि आमच्यातला हडकुळा, बँकेत कामाला असलेला, सगळ्यात मागनं रमतगमत आलेला, तो कंदिलाच्या उजेडात पत्ते पिसत बसला होता. उंची लागणं आणि दम असणं यांचा संबंध नाही, उलट दम असणारा पटकन वर जातो म्हणून त्यालाच आधी लागते.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेलात की रोज रात्रीची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरच्या वर चढू द्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा कितीबी वर जा, रात्री खाली या. तुम्ही एका रात्रीत सोळाशे मीटर उडी मारताय. त्यापेक्षा असं करा : पहिली रात्र सांकरी, दुसरी वाटेवरच्या ओसला गावाच्या आसपास, तिसरी तीन हजारच्या आतबाहेर जंगलातच, तिथनं सकाळी हर की दून बघून, स्वर्गारोहिणी शिखरासमोर डबा खाऊन, संध्याकाळी परत त्याच तंबूत. एक दिवस वाढतो. तो ऑफिसातनं मागून घ्या, मॅनेजरला माझं नाव सांगा.

दुसरी अडचण कायद्याची. झाडांची रेषा संपली की वर जी गवताची कुरणं लागतात त्याला तिकडं बुग्याळ म्हणतात. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं बुग्याळात रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, कारण तंबूंच्या गर्दीनं, खड्ड्यांनी आणि प्लास्टिकनं ती कुरणं खलास व्हायला लागली होती. त्यातनं हा सगळा भाग गोविंद अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात येतो, परवाना लागतो. त्यामुळं तंबू नेमका कुठं चालतो हे आधी वनखात्याला आणि लोकल गाईडला विचारूनच ठरवा. गाईड घ्याच. पाचजणांत खर्च वाटला की तो एका मिसळपार्टीएवढा येतो, जास्त नाही.

डोकेदुखीसोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणं, झोप न लागणं, यातलं काही झालं की त्या दिवशी वर जायचं नाही, बास. तिथंच थांबा, पाणी प्या, दुसऱ्या दिवशी बघा. पण बसल्या जागी धाप लागतीय, खोकल्यात घरघर आहे, किंवा माणूस बरळतोय, तर थांबणं पण नाही, लगेच खाली, रात्र असली तरी. एक टेस्ट सांगतो, टाच-पंजा जोडून सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा, प्यायल्यासारखा झोकांडत असेल तर वाद घालत बसू नका. उंची लागू नये म्हणून घेतात त्या डायमॉक्सच्या गोळ्या मित्राच्या मित्रानं दिल्या म्हणून खाऊ नका, डॉक्टरला विचारून घ्या आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळी घेतली तरी वरचा नियम तोच राहतो.

जायचं म्हणाल तर मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडली की दोन रात्री गाडीत काढून निजामुद्दीन, तिथनं डेहराडून. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीत त्याच सकाळी बसला नाहीत तर वेटिंगच. पैसे सांकरीच्या आधी लागणाऱ्या पुरोल्यात काढून ठेवा. पुढं एटीएम आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा धरू नका.

विमानानं जाणार आहोत. कॅम्पिंगचा गॅसचा छोटा कॅन चेक-इनच्या बॅगेत चालतो का? नसेल तर मित्र ट्रेननं येणाराय, त्याच्याकडं दिला तर?
— एक वाचक, राजारामपुरी

विमानात नाही, ना हातात ना खालच्या बॅगेत. ट्रेनमध्ये पण नाही, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, मित्राला कशाला अडकवताय. डेहराडूनमध्ये विकत घ्या. पॉवरबँक मात्र उलटी, ती खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची.

पण कॅन घेताना वर काय लिहिलंय ते वाचा. नुसता ब्युटेन असेल तर थंडीत तो तुम्हाला दगा देणार, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच बंद होतो. आम्ही हे पुस्तकात वाचून नाही शिकलो. एकदा नोव्हेंबरात, पहाटे साडेपाचला, तंबूच्या कापडावर आतनं दवाचं बर्फ झालेलं, मी स्टोव्ह लावला, लायटर चार वेळा टिक-टिक केला, ज्योत आली ती निळी नाही, निरांजनाएवढी पिवळी, पातेल्याखाली जरा लकलकली आणि गेली. कॅन हलवला तर आत गॅस खळखळतोय, भरलेला आहे! मग आमच्या एकानं तो कॅन जॅकेटच्या आत, पोटाशी धरला, गरोदर बाईसारखा वीस मिनिटं फिरला, आणि मग चहा झाला. तेव्हापासून आम्ही प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेला घेतो, तो थंडीत बराच टिकतो, आणि तरीही रात्री कॅन पायाशी घेऊनच झोपतो. गरम करायला कॅनखाली मेणबत्ती वगैरे लावणारे शहाणे बघितलेत, ते मात्र करू नका.

आणि डाळ शिजवायची स्वप्नं बघत असाल तर छोटा कुकर न्या. साडेतीन हजार मीटरला पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर नाचते आणि तशीच राहते. मेतकूट-भात, भडंग, गूळ-शेंगदाणे, दशम्या, यावर माणूस आनंदात राहतो.

माझं वय ५६, बीपीची गोळी चालू आहे. मुलाला आणि सुनेला चोपत्याला तंबूत राहायचंय, तुंगनाथ करायचाय. मला पण नेतो म्हणतात. मी रोज रंकाळ्याला फेरी मारते. जाऊ का घरी थांबू?
— एक आई, फुलेवाडी

काकू, जावा की! घरी थांबून टीव्हीच बघणार ना.

पण दोन अटी. पहिली, तुमच्या डॉक्टरांना "उंचावर राहायला चाललीय" असं स्पष्ट सांगून या, नुसतं देवदर्शनाला चाललीय असं नको. उंचीवर पहिले काही दिवस बीपी चढू शकतं, गोळी बदलायची का, लघवी जास्त करणारी गोळी असेल तर तिचं काय, हे त्यांनी ठरवायचं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. झोपेची गोळी तर वर नकोच.

दुसरी अट मुलासाठी. चोपता २७०० मीटरच्या आसपास आहे आणि तुंगनाथचं देऊळ ३६८० मीटर, मधलं अंतर साडेतीन-चार किलोमीटर, बांधलेली वाट आहे. जाऊन खाली आलं की झालं, झोपायचं चोपत्यातच, हे चांगलं आहे. पण हरिद्वारहून एकाच दिवसात थेट चोपत्याच्या तंबूत नको, आदली रात्र उखीमठला काढा, ते तेराशे मीटरवर आहे, गाडीत हाडं खिळखिळी झालेली असतात ती पण जागेवर येतात. दुसरा दिवस चोपत्यात नुसता बसून घालवा, बुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडं बघा, तिसऱ्या दिवशी चढा. देऊळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला हिवाळ्यासाठी बंद होतं, तारीख बघून तिकीट काढा.

रंकाळ्याची फेरी चालू ठेवा, पण रंकाळा सपाट आहे काकू. जोतिबाच्या पायऱ्या आठवड्यातनं दोनदा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडं लक्ष द्या, गुडघे उतरताना बोलतात. दोन काठ्या घ्या, एक नाही. आणि मुलगा पुढं पळाला तर पळू दे, दोन वाक्यं न थांबता बोलता येतील तेवढ्याच वेगानं चालायचं.

आजोबांची घोंगडी आहे, अस्सल, पट्टणकोडोलीची. स्लीपिंग बॅग भाड्यानं घेण्यापेक्षा तीच नेली तर चालेल काय? मित्र हसतात.
— एक कॉलेजवाला, कागल

हसणाऱ्यांना हसू दे, घोंगडीनं शतकानुशतकं मेंढपाळांना पावसात झोपवलंय. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, सुती चादरीला आणि जीन्सला हे जमत नाही, म्हणून तर डोंगरात सुती कपडे नकोत म्हणतात. पण दोन-अडीच किलो पाठीवर घेऊन चार दिवस चढणं वेगळं, आणि शून्याखालच्या रात्री ती एकटी पुरणार पण नाही. गाडी जवळ राहणार असेल तर बिनधास्त ने आणि खाली अंथर. थंडी आपल्याला वरनं येतीय असं वाटतं, पण ती जमिनीतनं येते. स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग आपल्या वजनानं चेपतो, त्यात हवा राहत नाही, मग त्याची ऊब शून्य. म्हणून चांगली मॅट नसेल तर महागातली बॅग पण वाया.

पायी जाणार असशील तर बॅग भाड्यानं घे, आणि दुकानदार "मायनस दहाची आहे" म्हणाला की विचार, कम्फर्टला मायनस दहा का लिमिटला? लिमिट म्हणजे अंगाची जुडी करून कशीबशी रात्र निघते ते टेंपरेचर. कम्फर्टचा आकडा धरायचा. हिशोब असा कर, हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात, मग खालच्या गावातलं रात्रीचं तापमान बघून वजाबाकी करता येते.

आम्ही चौघी मैत्रिणी जाणार. कुणी विचारत नाही म्हणून मी विचारते, टॉयलेटचं काय? आणि तारीख त्याच दिवसांत आली तर?
— उद्यमनगर

बरं झालं विचारलंस ताई, पुरुषमंडळींना पण यातलं निम्मं माहीत नसतं.

छोटं खुरपं न्यायचं. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, झालं की माती परत लोटायची. कागद पुरायचा नाही, वेट वाईप्स तर नाहीच, त्या कुजत नाहीत आणि जनावरं उकरून काढतात, झिपवाल्या पिशवीत भरून परत आणायच्या. पॅड पण तसंच, आतनं फॉईल लावलेली एक काळी पिशवी वेगळी ठेवा म्हणजे वासही येत नाही आणि दिसतही नाही. कप वापरायची सवय असेल तर उत्तम, पण पहिल्यांदा डोंगरात ट्राय करू नका, घरी दोन महिने वापरून बघा. तारीख आली म्हणून ट्रिप रद्द करायचं कारण नाही, आणि पुढं ढकलायची गोळी घेणार असाल तर उंचीचा उल्लेख करून बाईंना, म्हणजे डॉक्टर बाईंना, विचारा, कारण काही हार्मोनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो.

आणि एक चूक बऱ्याच मुली करतात, रात्री बाहेर जायला नको म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. ते करू नका, अंगात पाणी कमी पडलं की डोकं दुखतंच, मग ते उंचीचं का तहानेचं तेच कळत नाही आणि भलताच निर्णय घेतला जातो. रात्री दोघींनी मिळून जायचं, हेडटॉर्च लावून. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी वर कुठंतरी मेंढ्या असतात, उकळूनच प्या, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू द्या. तेच पाणी रात्री बाटलीत गरम भरून बॅगेत घ्यायचं, पाय शेकतात, सकाळी प्यायला गोठलेलं नसतं.

हिमालयाआधी प्रॅक्टिस म्हणून राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात तंबू टाकावा म्हणतोय, बायको-पोरांसोबत. कुठली जागा भारी?
— एक शिक्षक, गारगोटी

सर, मनात येईल तिथं नाही टाकता येत. ते अभयारण्य आहे, वन्यजीव कायदा १९७२ चा, आत मुक्काम फक्त वनखात्याच्या परवानगीनं आणि ते दाखवतील तिथंच. गवा ही आपली शान आहे खरी, पण रात्री तंबूच्या दोरीत पाय अडकलेला गवा ही वेगळी गोष्ट. जंगलाच्या कडेला कुणा ओळखीच्या शेतकऱ्याचं रान बघा, त्याला विचारून तिथं टाका. मसाई पठारावर पण वारा इतका असतो की तंबूची खरी परीक्षा तिथं होते, फक्त आधी गावात विचारा.

त्याहून सोपं सांगू? डिसेंबरात घराच्या गच्चीवर एक रात्र झोपा, सगळ्यांनी, त्याच बॅगा, त्याच मॅट. तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर चौघांच्या श्वासाचं पाणी सकाळी अंगावर पडतं. पहाटे तीनला धाकटं पोरगं उठून खाली आईच्या अंथरुणात गेलं तर हिमालय एक वर्ष पुढं ढकला. उंचीची प्रॅक्टिस मात्र सह्याद्रीत होतच नाही, तेवढी उंचीच आपल्याकडं नाही.

शेकोटी नको म्हणता सगळीकडं. मग रात्री करायचं काय? आणि कांदा-लसूण चटणी न्यावी का?
— एक खवय्या, कसबा बावडा

शेकोटी का नको ते एकदा चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, जंगलात चालून बघा, पायाखाली सुयांचा इतका जाड थर असतो की पाय घसरतो, आणि तो थर म्हणजे रॉकेल ओतलेली गादी समजा. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचाच सीझन धरतात. गाववाल्यांची, वनखात्यानं परवानगी दिलेली चूल असेल तर तिच्याभोवती बसा, गप्पा पण मिळतात. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी किंवा पेटता स्टोव्ह तंबूत घेणं हे मात्र कधीच नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. आणि ऊब यावी म्हणून दोन पेग, हे पण वर चालत नाही. तेवढ्यापुरतं गरम वाटतं, अंगातली उष्णता उलट बाहेर जाते, आणि सकाळचं डोकं दारूचं का उंचीचं यावर पाचजणांत पाच मतं होतात.

चटणी न्या. तोंडाची चव गेलेली असते तेव्हा भाताच्या गोळ्याला तीच वाचवते. पण हिमालयात काळं अस्वल आहे आणि त्याचं नाक आपल्यापेक्षा कैक पटीनं भारी, त्यामुळं खाण्याचं एकही पाकीट झोपायच्या तंबूत नको, सगळं घट्ट डब्यात आणि लांब, गाईड सांगेल तिथं. बरणीचं झाकण तेल लागल्यावर सैल होतं, त्यावर पिशवी, पिशवीवर रबर, आणि ती बरणी कपड्यांपासून वेगळी. माझी स्लीपिंग बॅग तीनदा धुतली, अजून तिच्यात झोपलं की भूक लागते.